विश्लेषण : जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि मुतखडा – बेरीज कोण करणार?

सकाळी नाश्त्यानंतर कॅल्शियमची एक गोळी, आठवड्यातून एकदा ‘ड’ जीवनसत्त्वाचे पाकीट, सर्दी होऊ नये म्हणून चघळायची ‘क’ जीवनसत्त्वाची आंबटगोड गोळी, गुडघे दुखतात म्हणून हळदीच्या अर्काची कॅप्सूल आणि व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलासाठी प्रथिनांच्या भुकटीचा डबा. करोनाकाळानंतर शहरांतच नव्हे, तर तालुक्याच्या गावांतही अनेक घरांतल्या औषधांच्या डब्यात हा ऐवज सापडतो. यातली एकही वस्तू विष नाही. काहींना तर ती खरोखर गरजेची असते. पण रोज पोटात जाणाऱ्या या सगळ्याची बेरीज कोणीच करत नाही. ना घेणारा, ना विकणारा, ना बऱ्याचदा डॉक्टर. ती बेरीज शेवटी मूत्रपिंड करते आणि काहींच्या बाबतीत तिचे उत्तर मुतखड्याच्या रूपात येते. पूरक गोळ्यांचा आणि मुतखड्याचा नेमका संबंध काय, कोणत्या गोळीबद्दल पुरावा पक्का आहे, कोणत्या गोळीबद्दलची भीती अनाठायी आहे आणि यात जबाबदारी कोणाची, याचा हा आढावा.

मुतखडा तयार कसा होतो?

पाण्यात मीठ टाकत गेले की एका मर्यादेनंतर ते विरघळेनासे होते आणि तळाशी खडे दिसू लागतात. मूत्रपिंडात साधारण तेच घडते. लघवीत कॅल्शियम, ऑक्झलेट, फॉस्फेट, युरिक अ‍ॅसिड असे अनेक पदार्थ विरघळलेले असतात. पाणी कमी पडले किंवा यातला एखादा पदार्थ वाढला की त्यांचे स्फटिक जमतात आणि हळूहळू खडा वाढतो. बहुतेक रुग्णांमध्ये आढळणारा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो. म्हणजे तो तयार व्हायला दोन घटक लागतात : कॅल्शियम आणि ऑक्झलेट. पूरक गोळ्यांचा संबंध इथेच येतो. काही गोळ्या लघवीतले कॅल्शियम वाढवतात, तर काही ऑक्झलेट.

लघवीत खडा रोखणारे पदार्थही असतात. त्यांतला महत्त्वाचा म्हणजे सायट्रेट. लिंबू आणि संत्र्यासारख्या फळांतून तो मिळतो. मांसाहार आणि एकूण प्राणिज प्रथिने फार झाली की तो कमी होतो. जेवणातले मीठ वाढले की लघवीतले कॅल्शियमही वाढते. त्यामुळे मुतखड्याचा दोष एकट्या गोळीवर टाकता येत नाही. राजस्थान, गुजरात, महाराष्ट्र यांसारख्या उष्ण हवामानाच्या राज्यांचा उल्लेख वैद्यकीय साहित्यात ‘मुतखड्याचा पट्टा’ असा होतो. घाम जास्त आणि पाणी कमी, ही इथली मूळ अडचण. गोळ्या येतात त्या या आधीच्या अडचणीवर भर म्हणून.

ताटातले कॅल्शियम आणि गोळीतले कॅल्शियम, फरक काय?

खडा कॅल्शियमचा असतो, म्हणून कॅल्शियम खाऊ नये, असा सल्ला डॉक्टरही कित्येक दशके देत होते. १९९३ साली अमेरिकेतल्या ४५ हजार ६१९ पुरुषांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि या समजाला तडा गेला. ज्यांच्या आहारात कॅल्शियम सर्वाधिक होते, त्यांना मुतखडा होण्याचे प्रमाण सर्वात कमी कॅल्शियम खाणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाले. चार वर्षांनी, १९९७ मध्ये, ९१ हजार ७३१ परिचारिकांच्या पाहणीतही आहारातल्या कॅल्शियमबद्दल हेच दिसले. पण त्याच पाहणीत कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्या महिलांमध्ये मुतखड्याची जोखीम सुमारे २० टक्क्यांनी जास्त आढळली.

एकच खनिज, ताटातून आले तर राखण करते आणि गोळीतून आले तर उपद्रव देते, असे का व्हावे? याचे सर्वात पटणारे उत्तर आतड्यात आहे. पालक, बीट, बदाम, काजू, तीळ, चहा, चॉकलेट अशा पदार्थांतून ऑक्झलेट पोटात जाते. त्याच वेळी पोटात दूध, दही किंवा नाचणीतले कॅल्शियम असेल, तर दोघांची आतड्यातच गाठ पडते आणि ते शौचावाटे निघून जातात. ऑक्झलेट रक्तात आणि पुढे लघवीत पोहोचतच नाही. गोळी मात्र अनेक जण रिकाम्या पोटी किंवा रात्री झोपताना घेतात. तेव्हा तिथे अडवायला ऑक्झलेट नसते. कॅल्शियम एकदम रक्तात जाते आणि जास्तीचे लघवीत उतरते. परिचारिकांच्या पाहणीतही गोळ्या घेणाऱ्या बहुसंख्य महिला त्या जेवणाबरोबर घेत नव्हत्या, किंवा ज्या खाण्याबरोबर घेत होत्या त्यात ऑक्झलेट कमी होते.

पुरावा एकतर्फी नाही, हेही नोंदवायला हवे. त्याच संशोधकांनी पुढे तरुण परिचारिकांची पाहणी केली, तेव्हा गोळ्यांमुळे जोखीम वाढल्याचे दिसले नाही. वय, मात्रा आणि घेण्याची वेळ यांवर बरेच अवलंबून असावे, असा याचा अर्थ.

मोठ्या चाचणीचा आकडा काय सांगतो?

पाहणीपेक्षा चाचणीचा पुरावा वजनदार मानला जातो, कारण तिथे कोणाला गोळी द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. अमेरिकेत रजोनिवृत्तीनंतरच्या ३६ हजार २८२ महिलांची अशी चाचणी झाली. निम्म्या महिलांना रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट ‘ड’ जीवनसत्त्व, तर निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी मिळाली. सरासरी सात वर्षांनंतर, २००६ मध्ये निष्कर्ष आले. खऱ्या गोळीच्या गटात ४४९ महिलांना मुतखडा झाला, तर दुसऱ्या गटात ३८१ जणींना. जोखीम १७ टक्क्यांनी वाढली, असे याचे मथळे झाले.

पण हाच आकडा दुसऱ्या प्रकारे वाचला तर वेगळा दिसतो. सात वर्षांत दर हजार महिलांमागे मुतखड्याचे प्रमाण सुमारे २१ वरून २५ वर गेले. म्हणजे हजारात चार जणी जास्त. ज्या स्त्रीच्या आहारात दूध-दही नावापुरतेच आहे आणि जिची हाडे ठिसूळ झाली आहेत, तिच्यासाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळीच्या तुलनेत ही जोखीम लहान आहे. शिवाय या चाचणीतल्या महिला गोळीआधीच आहारातून बऱ्यापैकी कॅल्शियम घेत होत्या. मात्र जिला आधी मुतखडा होऊन गेला आहे, जी रोज भरपूर दूध-दही खाते आणि तरीही ‘वय झाले म्हणून’ वर्षानुवर्षे गोळी घेते, तिच्यासाठी हेच गणित उलटे होते. याच चाचणीत हाडांची घनता किंचित वाढली, पण खुब्याचे फ्रॅक्चर ठामपणे कमी झाल्याचे सिद्ध करता आले नाही. ‘गोळी चांगली की वाईट’ हा प्रश्नच म्हणून चुकीचा ठरतो. प्रश्न आहे : कोणाला, किती आणि किती दिवस?

मग मुतखडा झालेल्यांनी दूध बंद करावे का?

नाही. महाराष्ट्रातल्या घरांत होणारी सर्वात सामान्य चूक हीच आहे. मुतखडा निघाला की पहिली बंदी दूध, दही आणि ताकावर येते. कॅल्शियमची गोळी मात्र ‘ती औषध आहे’ म्हणून चालूच राहते. जे ठेवायचे ते सोडले जाते आणि ज्याचा फेरविचार करायचा ते तसेच राहते.

इटलीत वारंवार मुतखडा होणाऱ्या १२० पुरुषांची चाचणी झाली. निम्म्यांना कॅल्शियम कमी असलेला आहार दिला, तर निम्म्यांना नेहमीएवढे कॅल्शियम, पण कमी मीठ आणि कमी प्राणिज प्रथिने. पाच वर्षांत पहिल्या गटातल्या ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. दुसऱ्या गटात ही संख्या १२ होती. २००२ मध्ये हे निष्कर्ष आल्यानंतर मुतखड्याच्या रुग्णांना दूधदुभते बंद करायला सांगण्याला शास्त्रीय आधार उरलेला नाही. बंधन घालायचेच तर ते लोणचे, पापड, फरसाण आणि वरून घेतलेल्या मिठावर घालावे लागते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. म्हशीच्या किंवा गायीच्या १०० मिलिलिटर दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम असते, तर १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. दोन पेले दूध किंवा दही-ताक, एखादी नाचणीची भाकरी आणि रोजचे वरण-भाजी यांतून मोठा वाटा भागतो. जी तूट राहते तेवढ्यापुरतीच गोळी, हा साधा नियम. बाजारातली बहुतेक गोळी तूट न मोजताच घेतली जाते.

‘क’ जीवनसत्त्वाची चघळायची गोळी निरुपद्रवी आहे का?

‘पाण्यात विरघळते, जास्त झाले तर लघवीवाटे निघून जाते,’ हे ‘क’ जीवनसत्त्वाबद्दलचे आवडते वाक्य. ते अर्धे खरे आहे. निघून जाते ते लघवीवाटेच, पण जाताना त्यातल्या काही भागाचे शरीरात ऑक्झलेट झालेले असते. म्हणजे मुतखड्याच्या दोन घटकांपैकी एकाची भर.

प्रौढ पुरुषाची रोजची गरज ८० मिलिग्रॅम आणि स्त्रीची ६५ मिलिग्रॅम आहे. एखादा पेरू किंवा आवळा ती सहज भागवतो. चघळण्याच्या नेहमीच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम, तर पाण्यात फसफसणाऱ्या गोळीत अनेकदा १,००० मिलिग्रॅम असते. म्हणजे गरजेच्या सहापट ते बारापट. स्वीडनमध्ये २३ हजारांहून अधिक पुरुषांची सरासरी ११ वर्षे पाहणी झाली. कोणतीही पूरक गोळी न घेणाऱ्या २२ हजार ४४८ पुरुषांपैकी ४०५ जणांना पहिल्यांदा मुतखडा झाला, म्हणजे शेकडा १.८. ‘क’ जीवनसत्त्वाची स्वतंत्र गोळी घेणारे ९०७ होते. त्यांच्यापैकी ३१ जणांना, म्हणजे शेकडा ३.४ जणांना खडा झाला. जोखीम जवळपास दुप्पट. या गोळ्या साधारण १,००० मिलिग्रॅमच्या होत्या. कमी मात्रेच्या साध्या बहुजीवनसत्त्व गोळीचा मात्र असा संबंध दिसला नाही. अमेरिकेतल्या नंतरच्या पाहणीतही पुरुषांमध्ये जोखीम वाढलेली दिसली, महिलांमध्ये दिसली नाही.

मोठ्या मात्रेतल्या ‘क’ जीवनसत्त्वाने सर्दी पळते, हा समज रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणारे लायनस पॉलिंग यांनी १९७० च्या दशकात जगभर लोकप्रिय केला. त्यानंतरच्या चाचण्यांतून सर्वसामान्य माणसाला रोजच्या गोळीने सर्दी होण्याचे टळते, असे सिद्ध झाले नाही. झालीच तर सर्दीचा काळ थोडा कमी होतो, एवढेच. करोनाच्या लाटेत भारतात ही गोळी घरोघरी पोहोचली. लाट गेली, गोळी मात्र अनेक घरांत राहिली. फायदा एवढा तुटपुंजा असताना, मुतखडा होऊन गेलेल्या पुरुषाने ती रोज घेण्याचे समर्थन करता येत नाही.

‘ड’ जीवनसत्त्वाबद्दलची भीती कितपत खरी?

इथे चित्र वेगळे आहे आणि घाबरून गोळी सोडणाऱ्यांनी ते समजून घ्यायला हवे. ‘ड’ जीवनसत्त्व आतड्यातून कॅल्शियम शोषायला मदत करते, त्यामुळे ते फार झाले तर लघवीतले कॅल्शियम वाढते, हे बरोबर. पण योग्य मात्रेत एकटे ‘ड’ घेतल्याने मुतखडे वाढतात, असे मोठ्या चाचण्यांत आढळलेले नाही. अमेरिकेत सुमारे २५ हजार ८०० जणांना घेऊन झालेल्या चाचणीत रोज २,००० युनिट घेणाऱ्यांमध्येही मुतखडे वाढले नाहीत.

धोका आहे तो मात्रेच्या गोंधळात. भारतात ६० हजार युनिटचे पाकीट किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे, असा उपचार सर्रास दिला जातो. पुढे महिन्याला एक किंवा बंद. पण चिठ्ठीवर ‘किती दिवस’ हे नीट लिहिलेले नसते, किंवा रुग्ण तीच चिठ्ठी पुन्हा पुन्हा दाखवून औषध घेत राहतो. आठवड्याचे पाकीट रोज घेतल्यामुळे रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीवर गेलेले आणि मूत्रपिंडाला इजा झालेले रुग्ण भारतातल्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवले आहेत. ‘ड’ चरबीत साठते. जास्तीचे दुसऱ्या दिवशी निघून जात नाही, महिनोन्‌महिने राहते. त्यातच कॅल्शियमची गोळीही चालू असेल, आणि त्या गोळीतही बहुधा ‘ड’ असतेच, तर दोन्हींचा भार एकत्र पडतो.

हळद, प्रथिनांची भुकटी आणि ‘नैसर्गिक’ गोळ्यांचे काय?

‘नैसर्गिक आहे’ हे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे. हळदीत ऑक्झलेट भरपूर असते आणि त्यातले बहुतांश पाण्यात विरघळणारे, म्हणजे सहज शोषले जाणारे असते. फोडणीतली चिमूटभर हळद किंवा रात्रीचे हळदीचे दूध यात भीतीचे काही नाही. दुधातले कॅल्शियम तिथे उलट उपयोगीच पडते. पण रोज दोन-तीन ग्रॅम हळद पूरक म्हणून घेतल्यावर लघवीतले ऑक्झलेट वाढते, हे छोट्या चाचण्यांत दिसले आहे. दीर्घकाळ मोठ्या मात्रेने मूत्रपिंडात ऑक्झलेट साचल्याची उदाहरणेही नोंदली गेली आहेत. वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या महिला घेतात त्या क्रॅनबेरीच्या गोळ्यांबद्दलही सावधगिरी हवी. काही छोट्या अभ्यासांत त्यांनीही ऑक्झलेट वाढलेले आढळले आहे. पालक-बीटच्या ‘डिटॉक्स’ रसाचे तेच. भाजी म्हणून खाल्लेला वाटीभर पालक वेगळा आणि रिकाम्या पोटी रोज प्यायलेला दोन जुड्यांचा रस वेगळा.

प्रथिनांच्या भुकटीबद्दल थेट मुतखड्याचा पुरावा थोडका आहे. पण प्राणिज प्रथिने फार झाली की लघवीतले कॅल्शियम आणि युरिक अ‍ॅसिड वाढते आणि सायट्रेट घटते, हे पक्के ठाऊक आहे. अंडी, चिकन आणि वर तीन-तीन चमचे भुकटी, घामाने निथळणारा व्यायाम आणि पाणी कमी, ही जोडी तरुणांसाठी वाईट.

आयुर्वेदिक औषधांतही बेरीज चुकते. शंखभस्म आणि प्रवाळभस्म हे मुख्यतः कॅल्शियमचेच पदार्थ आहेत. आम्लपित्तावर चघळायच्या अनेक गोळ्यांतही कॅल्शियम कार्बोनेट असते. यांच्यासोबत कॅल्शियमची पांढरी गोळी घेणाऱ्याला आपण एकच गोष्ट दोन-तीन नावांनी घेत आहोत, याची कल्पना नसते. ‘गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खा’ असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षे फिरतो. चुन्याची मात्रा मोजायची सोय नाही, म्हणून तो सल्ला मानण्यासारखा नाहीच. पण त्या संदेशाच्या शेवटी अनेकदा ‘मुतखडा असलेल्यांनी खाऊ नये’ अशी एक ओळ असते. रंगीत खोक्यातल्या महागड्या गोळीच्या पट्टीवर ती ओळ सहसा सापडत नाही.

लेबल काय सांगते आणि काय सांगत नाही?

पूरक पदार्थ भारतात परवान्याच्या वेगवेगळ्या दारांतून येतात. काही अन्न म्हणून, काही औषध म्हणून, तर काही आयुर्वेदिक औषध म्हणून. अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या पूरक पदार्थांसाठी भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये नियम केले. ‘औषधी वापरासाठी नाही’ आणि ‘सांगितलेल्या दैनंदिन मात्रेपेक्षा जास्त घेऊ नये’ अशा सूचना लेबलवर बंधनकारक आहेत. नियम चांगले आहेत, पण ते एका डब्यापुरते पाहतात. ग्राहकाच्या घरात डबे चार असतात. प्रत्येक डबा आपापल्या मर्यादेत असला, तरी चौघांची बेरीज कोणत्याच लेबलवर नसते.

दुसरी अडचण आकड्यांची. ‘कॅल्शियम कार्बोनेट १,२५० मिलिग्रॅम’ असे लिहिलेल्या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असते. उरलेला भाग कार्बोनेटचा. कोणी मोठा आकडा पाहून घाबरतो, तर कोणी छोटा आकडा पाहून दोन गोळ्या घेतो. ही माहिती असते, पण बारीक इंग्रजी अक्षरांत. मराठीत ती जवळपास नसतेच. चाळिशीनंतर ज्यांना या गोळ्या दिल्या जातात, त्यांना ती चष्मा लावूनही वाचता येत नाही.

जबाबदारी कोणाची?

या प्रश्नाचे सोपे उत्तर ‘ज्याने घेतली त्याची’ असे दिले जाते. ते न्याय्य नाही. गोळ्या योग्य रीतीने देता येतात, याचे उदाहरण देशातच आहे. सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांना चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. रोज ५०० मिलिग्रॅमच्या दोन, जेवणाबरोबर, रिकाम्या पोटी नाही, लोहाच्या गोळीबरोबर नाही आणि बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत. किती, कधी, कशासोबत आणि कधी थांबायचे, हे चारही प्रश्न त्या एका सूचनेत सुटलेले आहेत. गावातली आशाताई ते तोंडपाठ सांगते. खासगी दवाखान्यात, औषधांच्या दुकानात आणि मोबाइलच्या पडद्यावर गोळी विकताना मात्र यातला एकही प्रश्न सुटतोच असे नाही. गरीब गरोदर बाईला मिळणारी शिस्त पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला मिळत नाही, ही या बाजारातली खरी विसंगती आहे.

ती दूर करायला मोठा कायदा लागत नाही. पहिली गोष्ट डॉक्टरांनी करायची : पूरक गोळी लिहिताना तिची शेवटची तारीख लिहायची आणि त्याआधी ‘कधी मुतखडा झाला होता का, आणखी काय काय घेता’ हे विचारायचे. दुसरी गोष्ट औषध विक्रेत्याने : आठवड्याचे पाकीट देताना त्यावर ‘आठवड्यातून एकदाच’ असे मराठीत लिहून द्यायचे. तिसरी नियामकांनी : कॅल्शियम, मोठ्या मात्रेचे ‘क’ आणि ‘ड’ जीवनसत्त्व, हळदीचा अर्क यांच्या वेष्टनावर ‘मुतखडा झाला असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये’ ही ओळ स्थानिक भाषेत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत सक्तीची करायची. उत्पादकांचा आक्षेप असेल की यामुळे लोक घाबरून गरजेच्या गोळ्याही सोडतील. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण ओळ ‘घेऊ नका’ अशी नसून ‘विचारा’ अशी आहे. विचारल्याने जी गोळी बंद पडेल, ती बहुधा गरजेची नव्हतीच.

तोपर्यंत काय करावे?

घरातल्या सगळ्या गोळ्या, भुकट्या आणि भस्मे एका पिशवीत घालून पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवावीत. नावे सांगण्यापेक्षा हे सोपे आणि खात्रीचे. कॅल्शियमची गोळी चालू ठेवायची असेल, तर कार्बोनेट प्रकारची जेवणाबरोबर घ्यावी. सायट्रेट प्रकारची गोळी मुतखडा झालेल्यांसाठी अधिक बरी ठरू शकते, ते डॉक्टरांना विचारावे. गर्भवती, हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रिया आणि ‘ड’ ची तपासणीत सिद्ध झालेली कमतरता असलेल्यांनी हा किंवा असा कोणताही लेख वाचून गोळ्या परस्पर बंद करू नयेत. शाकाहारी व्यक्तींना लागणारे बी-१२ किंवा फॉलिक अ‍ॅसिड यांचा मुतखड्याशी संबंध आढळलेला नाही. तीही भीतीपोटी सोडायचे कारण नाही.

एकदा खडा झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांना दहा वर्षांत पुन्हा होतो. म्हणून पडलेला खडा फेकून न देता तपासायला द्यावा आणि वारंवार त्रास असेल तर २४ तासांच्या लघवीची तपासणी करून घ्यावी. कोणता घटक वाढला आहे, हे त्यातून कळते आणि मग कोणती गोळी थांबवायची याचा अंदाज बांधावा लागत नाही.

सर्वात स्वस्त आणि सर्वात भक्कम पुरावा असलेला उपाय कोणत्याही डब्यात मिळत नाही. पहिल्यांदा खडा झालेल्या १९९ जणांची इटलीत चाचणी झाली. दिवसाला दोन लिटर लघवी होईल इतके पाणी पिणाऱ्या ९९ जणांपैकी १२ जणांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला. असा काही सल्ला न दिलेल्या १०० जणांमध्ये तो २७ जणांना झाला. लघवीचा रंग फिकट राहील इतके पाणी, बिनमिठाचे लिंबूपाणी, जेवणात दही-ताक आणि कमी मीठ. याची जाहिरात कोणी करणार नाही, कारण यात विकण्यासारखे फारसे काही नाही. म्हणूनच ते डॉक्टरांनी सांगायला हवे आणि गोळीच्या पट्टीवरच्या त्या एका ओळीने आठवण करून द्यायला हवे.